ओहायोचा ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ कार्यक्रम: एका पालकाचा अभिप्राय

हायस्कूलमध्ये शिकत असतानाच कॉलेजचे विषय घ्यावेत आणि त्यांची क्रेडिट्स, म्हणजे विषय पूर्ण केल्यावर मिळणारे श्रेयांक, शाळा व कॉलेज अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जमा व्हावीत, यासाठी अमेरिकेतील ओहायो राज्याने केलेली सोय म्हणजे ‘कॉलेज क्रेडिट प्लस’. आमच्या मुलीने अकरावी आणि बारावी अशी दोन्ही वर्षे तिचा उपयोग केला. ती क्रेडिट्स पुढे पदवीच्या अभ्यासक्रमात कुठे बसली आणि कुठे बसली नाहीत, हेही आता आमच्यासमोर स्पष्ट झाले आहे. मत सुरुवातीलाच नोंदवणे बरे. ज्या विद्यार्थ्याला पुढे ओहायोतल्याच सार्वजनिक विद्यापीठात शिकायचे आहे, त्याच्यासाठी सरकारी शाळेकडून मिळणाऱ्या सोयींमध्ये याहून मोलाची दुसरी सोय मला दिसत नाही. ज्यांची नजर राज्याबाहेर किंवा प्रवेशास कठीण अशा खाजगी विद्यापीठांवर आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये असे मी म्हणणार नाही. मात्र त्यांनी विषय निवडण्यापूर्वी करायची चौकशी बरीच वेगळी आहे, आणि ती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही करणार नाही.

अमेरिकेत ही कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपले विषय हायस्कूलच्या वर्गांतून शिकवत आले आहे. मिनेसोटाने १९८५ मध्ये राज्यभरासाठी कायदा केला, आणि वॉशिंग्टन राज्यातील ‘रनिंग स्टार्ट’ १९९० च्या कायद्यातून उभा राहिला. ओहायोतही निरनिराळ्या योजना होत्या. २०१५-१६ या शैक्षणिक वर्षापासून त्यांच्या जागी हा एकच कार्यक्रम आला. देशभरात २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी निदान एक तरी कॉलेजचा विषय घेतला होता, म्हणजे ही आता मोजक्या हुशार मुलांपुरती राहिलेली गोष्ट नाही.

ओहायोच्या नियमांचे मला सर्वांत आवडणारे अंग म्हणजे खर्चाची बाजू. सार्वजनिक कॉलेजमधील विषयासाठी कुटुंबाला शिकवणी शुल्क, इतर फी किंवा पाठ्यपुस्तके यांपैकी कशाचेही पैसे भरावे लागत नाहीत. कॉलेजचे देणे स्कूल डिस्ट्रिक्टच्या (भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या) वाट्याच्या राज्य निधीतून वळते होते आणि पुस्तके डिस्ट्रिक्ट पुरवते. खाजगी कॉलेज निवडल्यास काही रक्कम पडू शकते. सातवी ते बारावीपर्यंतचे विद्यार्थी पात्र असतात, मात्र प्रवेशासाठी चाचणीतील ठरावीक गुण किंवा हायस्कूलची चांगली सरासरी लागते. वर्षाला ३० आणि एकूण १२० क्रेडिट्स ही मर्यादा आहे, आणि वर्षाच्या ३० मध्ये शाळेत घेतलेल्या नेहमीच्या विषयांचाही हिशेब धरला जातो. तीन किंवा अधिक सेमिस्टर क्रेडिट्सचा कॉलेजचा विषय हायस्कूलच्या एका पूर्ण क्रेडिटइतका मानला जातो. याचा अर्थ असा, की शाळेत वर्षभर चालणारा विषय कॉलेजमध्ये एका सेमिस्टरमध्ये संपतो. वेळापत्रकात मिळणारी ही मोकळीक पैशांच्या बचतीइतकीच उपयोगी आहे, परंतु तिच्या मागे दुप्पट वेगाने चालणारा अभ्यास आहे हे विसरून चालत नाही.

विषय तीन प्रकारे घेता येतो: कॉलेजच्या आवारात जाऊन, ऑनलाइन, किंवा आपल्याच शाळेत, कॉलेजने मान्यता दिलेल्या शिक्षकाकडून. आमच्या मुलीने तिन्ही प्रकार अनुभवले आणि त्यांतला फरक इतका मोठा होता, की तिन्हींना एकाच कार्यक्रमाचे नाव आहे याचे मला आजही आश्चर्य वाटते. शाळेत बसून घेतलेला विषय सोयीचा होता. शिक्षक ओळखीचे, मैत्रिणी त्याच, घंटा तीच. शिकवणे चांगले होते, कारण असे विषय शिकवणाऱ्या शिक्षकाकडे साधारणपणे त्या विषयातील पदव्युत्तर शिक्षण असावे लागते. परंतु तो वर्ग हायस्कूलचाच वर्ग राहिला. गृहपाठ राहिला तर आठवण करून दिली जाई, चाचणीत कमी गुण पडले तर पुन्हा संधी मिळे, आणि सेमिस्टर संपल्यावर मुलीला आपण कॉलेजचा विषय पूर्ण केला असे मनापासून वाटले नाही.

याउलट कम्युनिटी कॉलेजच्या (दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजच्या) आवारात घेतलेल्या इंग्रजी लेखनाच्या विषयाने तिला खरोखर घडवले. वर्गात तिच्या बाजूला दिवसा नोकरी करणारे, मुलेबाळे असलेले, सैन्यातून परतलेले विद्यार्थी बसत. ते स्वतःच्या कमाईच्या पैशांनी शिकत होते आणि प्रत्येक तासाचे मोल जाणून होते. प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी सिलॅबस हाती दिला. त्यात सर्व निबंधांच्या तारखा, गुणांची विभागणी आणि उशिराने दिलेल्या कामाचे नियम लिहिलेले होते, आणि त्यानंतर त्या तारखांची कोणीही आठवण करून दिली नाही. पहिला निबंध समासातल्या प्रश्नांनी भरून परत आला: हे विधान कशाच्या आधारावर केले, हा परिच्छेद इथेच का, विरुद्ध बाजूचे म्हणणे कुठे आहे. शाळेत नेहमी उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलीला तो धक्का होता. मात्र प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळात जाऊन बसायचे असते, ग्रंथालयातील लेखन केंद्रात मसुदा दाखवता येतो, विद्यापीठांच्या नियतकालिकांतले लेख शोधून त्यांचा नीट संदर्भ द्यायचा असतो, हे सर्व ती त्या एका सेमिस्टरमध्ये शिकली. पुढे विद्यापीठातील पहिल्या वर्षी तिच्या अनेक सहाध्यायांना ज्या गोष्टींसाठी चाचपडावे लागले, त्या तिच्या सवयीच्या झालेल्या होत्या. या कार्यक्रमाला मी देत असलेल्या पसंतीचा मोठा भाग या अनुभवातून आला आहे. क्रेडिट्स नंतर कुठे मोजली गेली नसती, तरीही हा विषय घेतल्याचे समाधान राहिले असते.

ऑनलाइन प्रकाराविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ज्या मुलाला स्वतःचे वेळापत्रक स्वतः पाळता येते त्याच्यासाठी तो ठीक आहे. पहिलाच कॉलेजचा विषय ऑनलाइन घेऊ नये, असे मात्र मी आग्रहाने सुचवेन.

या तीन प्रकारांमागे पैशाचे एक गणितही आहे आणि पालकांनी ते समजून घेतले पाहिजे. डिस्ट्रिक्ट आणि कॉलेज यांच्यात वेगळा करार नसेल, तर राज्याने ठरवलेल्या दरांप्रमाणे हायस्कूलच्या शिक्षकाने शाळेतच शिकवलेल्या विषयासाठी कॉलेजला मिळणारी रक्कम कॉलेजच्या आवारातील विषयाच्या साधारण चौथ्या हिस्स्याइतकी असते. म्हणजे मूल कॉलेजात गेले तर डिस्ट्रिक्टचा खर्च वाढतो. कोणतीही शाळा यामुळे मुद्दाम माहिती लपवते असा माझा आरोप नाही, परंतु शाळेच्या पत्रकांत शाळेतलेच वर्ग ठळकपणे का दिसतात, याचे एक कारण इथे सापडते. आवारात जाण्याचा पर्याय पालकांनी स्वतःहून विचारला पाहिजे, आणि येण्याजाण्याची व्यवस्था सहसा कुटुंबालाच करावी लागते हेही गृहीत धरले पाहिजे.

आता क्रेडिट्सच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. ओहायोच्या सार्वजनिक संस्थांमध्ये सामान्य शिक्षणाच्या विषयांचा ‘ओहायो ट्रान्सफर ३६’ नावाचा एक संच ठरलेला आहे. इंग्रजी लेखन, गणित किंवा संख्याशास्त्र, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि निसर्गविज्ञाने यांतील जे विषय या संचात मान्य आहेत, ते एका सार्वजनिक कॉलेजातून दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठात जाताना स्वीकारले जातील याची राज्य हमी देते. विशिष्ट पदव्यांच्या पायाभूत विषयांसाठी याच धर्तीवर ‘ट्रान्सफर ॲश्युरन्स गाइड्स’ आहेत. कार्यक्रमातील पहिली १५ क्रेडिट्स राज्याने पहिल्या स्तरात धरलेल्या विषयांतूनच घ्यावी लागतात, आणि हे दोन्ही गट त्या स्तरात येतात. सुरुवातीला हा नियम मला जाचक वाटला होता. प्रत्यक्षात त्यामुळे मुलगी भलत्या विषयांकडे वळण्यापासून वाचली.

तरीही ‘स्वीकारले गेले’ आणि ‘उपयोगी पडले’ यांत अंतर आहे, आणि या कार्यक्रमाविषयी होणारी बहुतेक निराशा या अंतरातून जन्मते. उदाहरण म्हणून अभियांत्रिकीला जाऊ इच्छिणारा विद्यार्थी घ्या. त्याने कॉलेज अल्जिब्रा हा विषय उत्तम ग्रेडने पूर्ण केला तर विद्यापीठ तो नोंदवून घेते, परंतु अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाचे गणित कॅल्क्युलसपासून सुरू होत असल्याने ती क्रेडिट्स पदवीच्या वाटेवर एक पाऊलही पुढे नेत नाहीत. व्यवसाय शाखेसाठीचे कॅल्क्युलस आणि विज्ञान शाखेचे कॅल्क्युलस हेही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पदवीला साधारण १२० क्रेडिट्स लागतात म्हणून ३० मिळवली की एक वर्ष वाचले, असे साधे भागाकाराचे गणित म्हणूनच फसवे आहे. आधी पदवीचा अभ्यासक्रम समोर ठेवावा, त्यात कोणती जागा भरायची आहे ते पाहावे आणि मग विषय निवडावा. कोणता विषय कोणत्या संस्थेत कशाच्या बरोबरीचा धरला जातो हे ‘ट्रान्सफरॉलॉजी’ या संकेतस्थळावर शोधता येते. प्रत्येक डिस्ट्रिक्टने १५ आणि ३० क्रेडिट्सचे नमुना मार्ग तयार करून जाहीर करणेही राज्याने बंधनकारक केले आहे. हे नमुने सर्वसाधारण असतात, परंतु त्यांच्यापासून सुरुवात करणे हे वर्गमैत्रिणीने घेतला म्हणून विषय घेण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

राज्याची हमी राज्याच्या सीमेवर संपते. मुलीला राज्याबाहेरील एका खाजगी विद्यापीठातही प्रवेश मिळाला होता. तिथे चौकशी केली तेव्हा हायस्कूलच्या इमारतीत शिकवलेले विषय ते मोजत नाहीत, आणि हायस्कूल पूर्ण करण्यासाठी वापरलेले क्रेडिट पदवीसाठी पुन्हा वापरू देत नाहीत, असे उत्तर आले. या दुसऱ्या अटीवर मी बराच विचार केला. दोन्ही ठिकाणी एकदमच क्रेडिट मिळणे हाच तर या सोयीचा गाभा आहे, आणि नेमके तेच त्यांना अमान्य आहे. असे धोरण ठेवणारी खाजगी विद्यापीठे बरीच आहेत. त्यामुळे मनातील विद्यापीठाच्या रजिस्ट्रार कार्यालयाचा नियम आधी वाचावा, आणि शक्य झाल्यास ईमेलने लेखी उत्तर घ्यावे. प्रवेशाच्या दृष्टीने मात्र हे विषय वाया जात नाहीत. कठीण अभ्यासक्रम पेलल्याचा पुरावा म्हणून ते अर्जात दिसतात, आणि क्रेडिट्स कितीही असली तरी हायस्कूलमधून थेट येणारा विद्यार्थी सहसा प्रथम वर्षाचाच अर्जदार मानला जातो, त्यामुळे नवागतांसाठीच्या शिष्यवृत्त्यांचा मार्ग बंद होत नाही.

‘एपी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट विषयांशी तुलना प्रत्येक घरात होते. एपीमध्ये मे महिन्यातील एका परीक्षेवर १ ते ५ असा गुणांक मिळतो. तो कमी आला तर क्रेडिटसाठी पाठवला नाही म्हणजे झाले. ओहायोची सार्वजनिक विद्यापीठे ३ किंवा अधिक गुणांकाला क्रेडिट देतात, आणि राज्याबाहेर एपीची ओळख अधिक पसरलेली आहे. कॉलेजच्या विषयात एका परीक्षेवर सारे अवलंबून नसते, सेमिस्टरभराच्या कामाचा विचार होतो, आणि ही गोष्ट परीक्षेच्या दिवशी घाबरणाऱ्या मुलांच्या हिताची आहे. मात्र तिथे मिळालेली ग्रेड झाकता येत नाही. शाळा एखाद्या विषयात एपीला सरासरी काढताना जादा भारांक देत असेल, तर त्याच विषयातील कॉलेजच्या वर्गालाही तो द्यावा लागतो, हा ओहायोचा नियम न्याय्य आहे. माझ्या मते राज्यात राहणाऱ्यांसाठी कॉलेजचा विषय आणि बाहेर जाणाऱ्यांसाठी एपी, ही ढोबळ विभागणी चुकीची ठरणार नाही. लेखनासारख्या विषयात मात्र मी कोणालाही कॉलेजच्या वर्गात जाण्याचाच सल्ला देईन.

न झाकता येणारी ती ग्रेड हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या वयात मिळालेली ‘डी’ (जेमतेम पास) किंवा ‘एफ’ (नापास) कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, कायम राहते. वैद्यकीय शिक्षणासाठी ज्या सामाईक सेवेतून अर्ज होतात, ती हायस्कूलच्या काळात घेतलेल्या कॉलेज विषयांचीही ट्रान्सक्रिप्ट मागते आणि त्या ग्रेड सरासरीत धरते. आपल्या मराठी कुटुंबांत मुलांनी डॉक्टर व्हावे ही इच्छा किती घरांत असते हे मी वेगळे सांगायला नको. त्या घरांनी विज्ञानाचे कठीण विषय या मार्गाने घाईने घेऊ नयेत. कॉलेज विषयांची सरासरी ४ पैकी २.० च्या खाली गेली, किंवा एकाच सत्रात दोन किंवा अधिक विषय सोडले, तर विद्यार्थ्यावर प्रोबेशन, म्हणजे देखरेखीचा काळ, येते आणि पुढच्या सत्रात एकच विषय घेता येतो. नापास झालेल्या विषयाचे पैसे डिस्ट्रिक्ट कुटुंबाकडून वसूल करू शकते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांना यातून संरक्षण आहे. विनाशुल्क सोडण्याची आणि ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याच्या, नोंदीसह सोडण्याची अशा दोन वेगळ्या तारखा कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये असतात, आणि त्या शाळेच्या कॅलेंडरशी जुळत नाहीत.

पालकांना अनपेक्षित वाटणारी आणखी एक गोष्ट म्हणजे माहितीचा हक्क. ‘फेर्पा’ या १९७४ च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थी कॉलेजात दाखल होताच त्याच्या कॉलेजमधील नोंदींवरचा हक्क त्याच्याकडे जातो, वय अठरा पूर्ण झालेले नसले तरी. मुलीच्या संमतीपत्राशिवाय प्राध्यापक आमच्याशी तिच्या ग्रेडविषयी बोलले नसते. शाळेकडे पोहोचलेली नोंद अठराच्या आतल्या मुलाच्या पालकांना शाळेतून पाहता येते, परंतु ती सहसा सेमिस्टर संपल्यावर येते. दर आठवड्याला शाळेच्या पोर्टलवर गुण पाहण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्या पालकांना हे जड जाते. मला तरीही हा नियम योग्य वाटतो. प्राध्यापकांना ईमेल कसे लिहावे, अडचण कुणाला सांगावी, मुदत वाढवून मागताना काय म्हणावे, हे मुलीने स्वतः केले म्हणूनच ती ते शिकली. याच संदर्भात सांगायला हवे, की कॉलेजचा वर्ग प्रौढांसाठी असतो आणि तिथला आशय अल्पवयीन विद्यार्थ्यासाठी बदलला जात नाही. ओहायोत यासाठी पालक व विद्यार्थी यांच्याकडून संमतीपत्र भरून घेतले जाते. ते वाचून, घरी बोलून मगच सही करावी. राज्य सातवीपासून परवानगी देत असले, तरी वर्गातील चर्चांचे स्वरूप पाहता दहावीपूर्वी आवारातले विषय घेण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

कार्यक्रमाची सर्वांत कमकुवत बाजू म्हणजे माहिती देण्याची पद्धत. शाळेने दरवर्षी माहिती सत्र घेणे आवश्यक आहे आणि ते घेतलेही जाते, परंतु आम्ही हजर राहिलो त्या सत्रात अर्जाच्या तारखा आणि चाचणीचे गुण यांपलीकडे फारसे काही नव्हते. वर उल्लेखलेल्या पदवीतल्या उपयोगाचा, राज्याबाहेरच्या नियमांचा किंवा वैद्यकीय अर्जांचा एका शब्दानेही उल्लेख झाला नाही. आम्ही ते सर्व शोधू शकलो, कारण आम्ही दोघेही पदवीधर आहोत आणि इंग्रजीत लिहिलेले नियम वाचण्याची आम्हाला सवय आहे. ज्या घरात कॉलेजात जाणारे पहिलेच मूल आहे, ज्यांच्याकडे दुपारी कॉलेजला सोडायला गाडी किंवा मोकळा माणूस नाही, त्या मुलांपर्यंत ही फुकट सोय पोहोचतच नाही. देशभरातही कृष्णवर्णीय आणि कमी उत्पन्न असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण या कार्यक्रमांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी आहे. सर्वांच्या कराच्या पैशातून चालणाऱ्या सोयीचा लाभ आधीच माहीतगार असलेल्या घरांनी जास्त घ्यावा, ही गोष्ट मला मनापासून खटकते. काउन्सेलरांची संख्या वाढवणे आणि कॉलेजच्या सल्लागाराला महिन्यातून काही दिवस शाळेत बसवणे, एवढे जरी झाले तरी फरक पडेल.

धाकट्या मुलासाठी आम्ही अर्ज भरला आहे. त्याला संगणकशास्त्राकडे जायचे आहे आणि राज्याबाहेर जाण्याचा विचार अजून सुटलेला नाही, म्हणून गणित व भौतिकशास्त्र तो एपीमधून घेईल. कॉलेजचा पहिला विषय म्हणून इंग्रजी लेखनच निवडले आहे, आणि तेही शाळेतल्या वर्गात नव्हे, कम्युनिटी कॉलेजच्या आवारात, इतर कठीण विषयांचा भार कमी असलेल्या सेमिस्टरमध्ये.